आरव म्हणजे शांत नव्हे

भाचीचा फोन आला तेव्हा बारशाला चार दिवस उरले होते. "मावशी, नाव ठरलं. आरव! छोटंसं आहे, गोड आहे आणि अर्थ आहे 'शांत'. पोरगं रात्रभर जागवतंय गं, निदान नाव तरी शांत असू दे."

मी विचारलं, "पहाटे कोंबडा काय करतो?"

पलीकडून जरा वेळ आवाज आला नाही. मग तिचं तिलाच उमगलं. "आरवतो," ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही तासभर बोलत होतो. मी मराठीची शिक्षिका. तीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली, म्हणजे रोज साठेक नावं मोठ्यानं उच्चारली. कोणतं नाव जिभेवर रुळतं, कोणतं अडखळतं, कोणत्या नावाचा मुलगा 'हजर' म्हणताना खाली बघतो, हे त्या हजेरीनं मला शिकवलं. निवृत्त झाल्यावरही माझे विद्यार्थी आपल्या बाळांची नावं विचारायला येतात. बहुतेकांना हवं असतं ते असंच: मुलाचं, छोटं, आजच्या काळातलं, जोडाक्षर नसलेलं आणि चांगल्या अर्थाचं. पहिल्या चार गोष्टी त्यांनी तपासलेल्या असतात. पाचवी मात्र कुठून तरी उतरवून घेतलेली असते. म्हणून भाचीशी झालेलं बोलणं जरा सविस्तर मांडते. उदाहरण आरवचंच घेते; तुमच्या मनात दुसरं नाव असलं तरी तपासायची रीत हीच.

आधी अर्थ. 'आरव' हा संस्कृत शब्द आहे. 'रु' हा धातू, त्याचा अर्थ आवाज करणे. त्यापासून 'रव', म्हणजे आवाज. हा रव आपल्या ओळखीचा आहे. पाखरांच्या किलबिलीला आपण कलरव म्हणतो. जिथे रवच नाही ती रात्र नीरव. या रवाआधी 'आ' हा उपसर्ग लागला की होतो आरव: साद, नाद, मोठ्यानं उमटलेला ध्वनी. अमरसिंहानं अमरकोशात ध्वनीसाठीचे शब्द एका रांगेत दिले आहेत. नाद, निनाद, रव, निर्घोष यांच्या त्या रांगेत आरवही बसला आहे. शेजारी त्याची सख्खी भावंडं, आराव, संराव आणि विराव. आणि त्यांच्या लगेच पुढे 'मर्मर', म्हणजे वस्त्रांची आणि पानांची सळसळ. दीड हजार वर्षांच्या आसपास जुना असलेला हा कोश या शब्दाबद्दल इतका स्पष्ट बोलतो.

पण कोशापर्यंत जायचीही गरज नाही, कारण मराठीनं हा शब्द घरात सांभाळून ठेवला आहे. कोंबडा आरवतो. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कुत्रा भुंकतो. आरवण्याचा मान मात्र कोंबड्याचा. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशात 'आरवणे' याच अर्थानं आहे आणि आजही कोणत्याही गावात हेच क्रियापद ऐकू येतं. पंजाबी किंवा बंगाली आईबापांना 'आरव' हा निव्वळ गोड ध्वनी वाटला तर समजू शकतं. मराठी माणसाच्या कानाला तो आधीपासून ओळखीचा आहे, फक्त नाव म्हणून समोर आल्यावर आपल्याला ती ओळख पटत नाही.

मग 'शांत' हा अर्थ आला कुठून? मला वाटतं, तो एका काना-मात्रेच्या घोटाळ्यातून आला असावा. 'आ' ऐवजी ऱ्हस्व 'अ' लावला तर शब्द होतो 'अरव', म्हणजे ज्यात रव नाही तो, निःशब्द. म्हणजे शांत! आरव आणि अरव, एका कान्याचं अंतर आणि अर्थ पूर्ण उलटे. देवनागरीत हा फरक डोळ्यांना दिसतो. इंग्रजी लिपीत एकच ए लिहिला तर दोन्ही नावं सारखीच दिसतात, आणि नावांच्या याद्या बहुतेक इंग्रजी लिपीतून फिरतात. एकदा चुकीचा अर्थ एका यादीत शिरला की पुढच्या शंभर याद्या तो जसाच्या तसा उतरवतात. म्हणून पहिलं सांगणं हे, की नावाचा अर्थ शोधताना ते नाव देवनागरीत लिहून शोधा. काना, मात्रा, वेलांटी बघा. अर्थ त्यांच्यावर उभा असतो.

भाची थोडी खट्टू झाली होती. "म्हणजे आता नाव बदलायचं का?" मी म्हटलं, मुळीच नाही. उलट खरा अर्थ जास्त चांगला आहे. शांत हा गुण मोठा खरा, पण घरात बाळ आल्यावर जी गोष्ट सगळ्यात आधी येते ती त्याचा आवाजच की! प्रसूतिगृहाच्या बाहेर बसलेली माणसं कशाची वाट बघत असतात? त्या पहिल्या ट्यांहाची. बाळ रडलं की आजी हात जोडते. आणि आरवण्याला तर पहाटेचा वास आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही असं आपण म्हणतो, त्यातलं ते कोंबडं उजाडल्याची वर्दी देणारं आहे. ज्याला आपला आवाज आहे, ज्याची साद दुसऱ्याला जागं करते, असा मुलगा कोणत्या आईला नको असेल?

मराठी घरांत नादाची नावं नवीनही नाहीत. निनाद हे आपल्याकडे कधीचं मुरलेलं नाव आहे आणि अमरकोशातल्या त्याच रांगेतलं आहे. गंधार, केदार, निषाद, ऋषभ, स्वरा, श्रुती ही गाण्याच्या घरातून आलेली मंडळी. घरात कोणी गाणारं-वाजवणारं असेल, थोरल्या बहिणीचं नाव श्रुती किंवा स्वरा असेल, तर आरव तिच्या शेजारी अगदी शोभून दिसतो. आणि शांतपणच हवं असेल तर नीरव आहे, प्रशांत आहे. फक्त निशांतच्या बाबतीत फसू नका. त्यात 'शांत' ऐकू येतो, पण तो आहे निशा अधिक अंत, म्हणजे रात्र सरण्याची वेळ. ही चूकही मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे.

एखादे आजोबा पुढे असंही म्हणतील की रावण हा शब्दही याच धातूचा. खरं आहे. उत्तरकांडात त्या नावाची कथाही ओरडण्याशी आणि लोकांना आक्रोश करायला लावण्याशीच जोडलेली आहे. पण कलरवही त्याच धातूचा आहे. धातू म्हणजे माती. तिच्यातून तुळस उगवते आणि धोतराही उगवतो. आजोबांना हे आदरानं सांगा, ते ऐकतात.

अर्थ कुठे बघायचा, हा पुढचा प्रश्न. संस्कृत शब्दासाठी वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश सर्वांत सोयीचा. तो १८९० साली निघाला आणि आजही कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळतो. मोनिअर विल्यम्सचा कोश, मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे सगळे आता संगणकावर फुकट बघता येतात. नाव कोशात सापडलं तर प्रश्न मिटला. नाही सापडलं तर त्याचे तुकडे पाडून बघा: उपसर्ग कोणता, मूळ शब्द कोणता. तुकडेही सापडेनात, तर ते नाव घडवलेलं आहे असं समजा. घडवलेलं नाव ठेवू नये असं मी म्हणणार नाही. आईच्या आणि वडिलांच्या नावातलं एकेक अक्षर घेऊन नाव जुळवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यात माया आहे. पण मग मुलाला तेच सांगा, की हे आम्ही दोघांनी मिळून जुळवलं. 'संस्कृतमध्ये याचा अर्थ सूर्यकिरण' असं नको.

हे सांगावं लागतं, कारण सध्या कोणत्याही गोड अक्षरापुढे 'अंश' लावून नावं तयार होतात. अंश म्हणजे भाग, एवढं बरोबर. पण कोणाचा भाग? शिवांश म्हटलं तर शिवाचा, देवांश म्हटलं तर देवाचा. रेयांशमधला 'रेय' कोण, याचं उत्तर मला कोणत्याही कोशात मिळालेलं नाही. सूर्यकिरणासाठी आपल्याकडे रश्मी आहे, अंशू आहे, मयूख आहे. मयूख तर मुलाचं किती सुंदर नाव, आणि वर्गात दुसरा मयूख असण्याची शक्यताही कमी.

काही छोटी नावं दुसऱ्या भाषांमधून आलेली असतात आणि त्यांचा अर्थ तिथेच शोधायला हवा. कियान हे फारसी नाव आहे. प्राचीन इराणच्या कयानी राजांशी, शाहनाम्यातल्या राजकुळाशी त्याचा संबंध. त्याचा ओढूनताणून संस्कृत अर्थ लावण्यात काय मिळवायचं? राजघराण्याचं नाव म्हणून ते ठेवलं तर ते डौलदारच आहे. रेहान अरबी, तुळशीच्या जातीतल्या सुगंधी वनस्पतीचं नाव. विहान म्हटलं की हिंदी-भोजपुरी मुलखातली 'बिहान', म्हणजे सकाळ, आठवावी. आणि मिहिर! सूर्य या अर्थाचं हे नाव प्राचीन इराणी मिथ्र या देवतेपाशी जाऊन पोचतं, तरी वराहमिहिरापासून ते आपलं झालेलं आहे. नावं प्रवास करतात. प्रवास खरा सांगितला तर नावाची किंमत वाढते.

एका नावाबाबत मात्र सावध करते. अनय. छोटं आहे, ऐकायला मऊ आहे, राधेच्या नवऱ्याचं नाव म्हणून कानावरून गेलेलं आहे. पण 'नय' म्हणजे नीती, योग्य वर्तन; 'अनय' म्हणजे त्याचा अभाव. कोशात अर्थ अनीती असाच मिळतो. दहावीत संस्कृत घेतलेल्या मुलाला हे एक दिवस कळणारच. त्यापेक्षा विनय काय वाईट? अक्षरं तितकीच, मऊपणाही तोच.

आता छोटेपणाबद्दल. 'हल्लीची दोन अक्षरी नावं' असं म्हणून ज्येष्ठ मंडळी कधी कधी नाक मुरडतात. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. मुलाचं नाव छोटं असावं हा नियम गृह्यसूत्रांइतका जुना आहे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी ठेवावं असं म्हटलं आहे. आश्वलायनानं तर फोड करून सांगितलं आहे: मुलाला प्रतिष्ठा लाभावी असं वाटत असेल तर दोन अक्षरी, ब्रह्मतेज लाभावं असं वाटत असेल तर चार अक्षरी. पतंजलीनं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात व्याकरणमहाभाष्य लिहिलं. व्याकरण का शिकायचं याची जी प्रयोजनं त्यानं सुरुवातीलाच दिली, त्यांत एक आहे मुलाचं नाव ठेवता यावं म्हणून! नाव कृत् प्रत्ययाचं असावं, म्हणजे थेट धातूपासून बनलेलं, तद्धित नसावं. आणि व्याकरण न शिकलेल्याला हा फरक कळणार कसा, असं तो विचारतो. इतका मोठा वैयाकरण, आणि बारशाची काळजी करतो. मला हा भाग शिकवताना नेहमी भरून यायचं.

या जुन्या नियमात आणखी एक अट आहे. नावाच्या मध्ये अंतःस्थ वर्ण असावा, म्हणजे य, र, ल, व यांपैकी एखादा. आता आजची लोकप्रिय नावं मोठ्यानं म्हणून बघा: आरव, विवान, अयान, आर्यन, रेयांश. सगळीकडे य, र, व. क, ट, प यांसारखा अडवणारा, फुटणारा वर्ण जवळपास नाहीच. या नावांची ओढ जी काय आहे ती इथे आहे. अंतःस्थ उच्चारताना जीभ हवेला पुरती अडवत नाही, आवाज वाहत राहतो. आरवमध्ये तर सुरुवातीला 'आ', आपल्या सगळ्या स्वरांत सर्वांत मोठं तोंड उघडणारा. मग जिभेचं हलकं थरथरणं, 'र'. आणि शेवटी ओठांपाशी मिटणारा 'व'. तोंड उघडतं, गुंजतं, मिटतं. सहा-सात महिन्यांचं बाळ स्वतः जे आवाज काढतं त्यांत 'आ' असतोच, म्हणून आपलं नाव त्याला परकं वाटत नसावं असं मला आपलं वाटतं.

सगळ्या अटी आरव पुऱ्या करत नाही, हेही सांगायला हवं. जुन्या नियमात पहिला वर्ण ग, ज, द, ब असा घोषवर्ण हवा. आरव स्वरानं सुरू होतो. शिवाय संस्कृतात तो आ-र-व असा तीन अक्षरी आहे. मराठीत आपण शेवटचा 'अ' गिळतो आणि 'आ-रव्' असं दोनच ठोक्यांत म्हणतो. लिहायला तीन, हाकेला दोन. कृत् प्रत्ययाची अट मात्र तो चोख पाळतो, कारण तो धातूवरूनच आलेला आहे. एवढं पुरे.

आणि तसंही, लांब नावं आपल्याकडे लांब राहिली कधी? पुरुषोत्तमाचा पुरू झाला, लक्ष्मणाचा लखू, ज्ञानेश्वराचा ज्ञाना. छोटं नाव ठेवलं की घरातली छाटणी वाचते असं मात्र नाही. मराठी माणसाला प्रेम आलं की तो नाव कापतो तरी किंवा त्याला 'या' जोडतो तरी. आरवचा आरू होईल, मित्रांमध्ये आरव्या होईल. हे दोन्ही उच्चार आधीच मोठ्यानं म्हणून बघा. घरच्या कोणाला ते बोचत असतील तर नाव ठेवण्याआधीच कळलेलं बरं.

नाव कागदावर बघून ठरवू नका, हाक मारून ठरवा. खिडकीत उभं राहून खालच्या अंगणात खेळणाऱ्या मुलाला बोलावतोय अशा आवाजात हाक द्या. आरव इथे पैकीच्या पैकी गुण मिळवतो, कारण लांबवायला पहिलाच स्वर दीर्घ आहे. मग रागावून म्हणा, मग कुशीत घेऊन म्हणा. मग विभक्ती लावून वाक्यात म्हणा: आरवचा डबा, आरवनं सांडलं, आरवला दूध दे. त्या शेवटच्या रूपापाशी थोडं थांबा. 'कोंबडा आरवला' यातही तेच रूप येतं. गावाकडच्या शाळेत मुलं यावरून चिडवणार, हे धरून चला. माझ्या वर्गात या नावाच्या मुलाला असंच चिडवलं होतं. मी फळ्यावर कलरव, नीरव, आरव असे तीन शब्द लिहिले आणि त्यालाच अर्थ समजावून सांगायला उभं केलं. तो त्या दिवशी घरी अर्थ घेऊन गेला. मुलाला नावाचा अर्थ ठाऊक असला की चिडवणं अंगाला लागत नाही. आणि तो त्याला शाळेत जाण्याआधी, घरातच कळायला हवा.

पुढची पायरी आडनावाची. नाव 'व'वर संपतं, म्हणून आडनाव 'व'नं सुरू होत असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. वैद्य, वाघ, वर्तक यांनी चार-पाच वेळा भरभर म्हणून बघावं. आठवले, आपटे, आगाशे यांच्याकडे 'व' पुढच्या 'आ'ला चिकटतो आणि नाव 'आर' एवढंच ऐकू येतं. देशपांडे, कदम, गायकवाड, नाईक अशा ठसठशीत व्यंजनानं सुरू होणाऱ्या आडनावांपुढे ते छान उभं राहतं. महाराष्ट्रात आता आणखी एक गोष्ट बघायची. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. आईचं नाव कागदावर आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण पूर्ण नाव चार शब्दांचं झालं. आईचं नाव ज्ञानेश्वरी आणि वडिलांचं पुरुषोत्तम असेल तर पहिलं नाव छोटं असण्याचा खरा उपयोग तिथे कळतो. चारही शब्द एका श्वासात म्हणून बघा.

बाहेरगावी, परदेशी राहणाऱ्यांसाठी आरवची मोठी सोय ही, की त्यात मराठीबाहेर अडखळणारं काही नाही. 'ळ' नाही, 'ण' नाही. 'ज्ञ' नाही, ज्याला आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य म्हणतात आणि गुजराती ग्न. 'ऋ' नाही, ज्याच्यामुळे आपला ऋषी पुण्यात रुषी आणि दिल्लीत रिषी होतो. तरी अमेरिकेत पहिल्या दिवशी शिक्षिका कधी 'एरव' म्हणेल, कधी 'अराव'. जर्मनीत शब्दाच्या शेवटचा व्ही 'फ'कडे झुकतो, तिथे 'आराफ' ऐकू येऊ शकतं. दुरुस्त करायला दोन अक्षरंच असल्यानं आठवडाभरात जमतं. मुलाला मात्र शिकवून ठेवा की आपलं नाव बरोबर म्हणून घेणं यात उद्धटपणा नाही.

या नावात मला खटकते ती एकच गोष्ट, त्याची गर्दी. शहरातल्या एकाच वर्गात दोन-तीन आरव असणं आता नवं राहिलेलं नाही. मग आरव के. आणि आरव पी. असं होतं, आणि सगळ्या पोरांमध्ये उठून दिसावं म्हणून ठेवलेलं नाव आडनावाच्या आद्याक्षराला टेकू लागतं. तुमच्या गल्लीतल्या बालवाडीत जाऊन यंदाच्या मुलांची नावं विचारून या. कोणत्याही यादीपेक्षा हे उत्तर खरं. गर्दी नकोच असेल तर त्याच अर्थाची, तेवढीच छोटी, कमी वापरलेली नावं आहेत: नाद, विराव, निनाद. विराव मला स्वतःला फार आवडतं. भाचीला सुचवलंही, पण तिचं मन आरववर बसलं होतं, आणि मन बसलेलं नाव सोडायला लावू नये.

जन्मनक्षत्रावरून अक्षर बघणारी घरं अजून पुष्कळ आहेत. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, मिळून १०८ अक्षरं असा तो अवकहडा चक्राचा हिशेब. त्यात 'अ' हे कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचं अक्षर. म्हणजे त्या चरणावर जन्मलेल्या बाळालाच आरव हे नावरस नाव म्हणून लागू पडेल. बाकीच्यांनी काय करायचं? जे आपल्या पणज्यांनी केलं तेच: नावरस नाव पत्रिकेत ठेवायचं आणि हाकेचं नाव वेगळं ठेवायचं. त्या १०८ अक्षरांत ङ, ञ आणि ण सुद्धा आहेत, त्यांवरून तर नाव सुरूच होत नाही. तिथे ज्योतिषीही दुसरं अक्षर सुचवतात. अक्षरासाठी हट्टानं निरर्थक नाव जुळवण्यापेक्षा दोन नावं बरी.

शेवटी कागद, आणि इथे घाई करू नका असं कळकळीनं सांगते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, पण त्या नोंदीत नाव असलंच पाहिजे असं नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नाव नंतर घालता येतं: नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे रुग्णालयात कोणी अर्ज पुढे करून 'नाव काय लिहू?' असं विचारलं तर त्या क्षणी उत्तर देणं भाग नाही. पण एकदा लिहिलं की ते पक्कं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्माचा दाखला हाच मूळ पुरावा आहे. त्यातली चूक पुढे प्रत्येक कागदावर पोचते.

आमच्याच कुटुंबात हे घडलं. माझ्या भावाच्या नातवाचं नावही आरवच. एका रुग्णालयातल्या अर्जावर कोणी तरी एका ए नं लिहिलं, घरच्यांनी आधारच्या वेळी दोन ए नं सांगितलं. पासपोर्टच्या वेळी दोन कागद जुळेनात. मग प्रतिज्ञापत्र, दुरुस्तीचा अर्ज, चार हेलपाटे. म्हणून स्पेलिंग बारशाआधी ठरवा. माझं मत विचाराल तर दोन ए: डबल ए, आर, ए, व्ही. त्यात दीर्घ 'आ' टिकतो, आणि अरव नव्हे तर आरव हे परक्यालाही कळतं. इंग्रजी वर्णक्रमानं लावलेल्या यादीत तो पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर येईल, तोंडी परीक्षेला सगळ्यांत आधी जावं लागेल, एवढी तयारी ठेवायची. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतं; दोन्ही ओळी तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा. मराठी ओळीत कोणी 'अरव' छापलं तर लगेच दुरुस्त करून घ्या. पुढे नाव बदलायचंच झालं तर महाराष्ट्रात राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे, तिथली वाट निराळी.

भाचीनं बारशाच्या आदल्या रात्री एक कागद केला. वर देवनागरीत ठळक 'आरव', 'आ'चा काना जरा जास्तच लांब काढलेला. खाली डबल ए नं सुरू होणारं स्पेलिंग. त्याखाली आधी लिहिलेला एक शब्द तिनं खोडला होता आणि बाजूला लिहिलं होतं: साद. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. सकाळी आत्यानं बाळाच्या कानाशी वाकण्याआधी तो एकदा वाचला, मग कुर्रर्र केलं.